परग्रहावरची माणसं घोगरीच का बोलतात?

नोकरी चाळीसगावला आणि बिऱ्हाड धुळ्याला, म्हणजे पॅसेंजर आलीच. त्या पॅसेंजरमध्ये कानात इअरफोन खुपसून मी विज्ञानकथा आणि जादूटोण्याच्या कादंबऱ्या ऐकतो. याला कुणी करमणूक म्हणू नये, हे व्रत आहे. एकेक पुस्तक तीस-चाळीस तासांचं. तेवढ्यात गावात भागवत सप्ताह उरकतो, वर भंडाऱ्याच्या पंगतीही उठतात.

माझी पहिली तक्रार वाचणाऱ्यांच्या आवाजाबद्दल. परग्रहावरचा प्राणी म्हटला की हे घसा खरवडून बोलणार. तो सज्जन असला तरी घोगरा, बाई असली तरी घोगरी. प्रकाशवर्षं ओलांडून आलेल्या संस्कृतीला साध्या खोकल्यावर औषध सापडू नये? चेटकीण आली की नाकात, म्हातारा जादूगार आला की एका वाक्याला तीन उसासे. मंत्र तर सगळे कुजबुजूनच सांगतात. पंख्याची घरघर आणि खारेमुरेवाल्याची आरोळी यांत ती कुजबुज काय ऐकू येणार? म्हणून आवाज पूर्ण वाढवावा, तर नेमका त्याच क्षणी ड्रॅगन जागा होतो. माझ्या डाव्या कानाने असे बरेच ड्रॅगन सोसले आहेत.

दुसरं दुखणं नावांचं. छापील पुस्तकात नाव उच्चारता आलं नाही तरी डोळा त्याची ठेवण ओळखतो, शिवाय पुढे नकाशा आणि मागे शब्दसूची असते. कानाला यातलं काही मिळत नाही. क्झार्थ बाप की क्झारेथ बाप, हे ठरेपर्यंत दोघांत लढाई होऊन एक मेलेला असतो. भाकरी खाऊन डुलकी लागली तर विचारूच नका, जागं होईतो गादीवर तिसराच कुणी बसलेला. शेवटी मी पात्रांना नातेवाइकांची नावं देऊन टाकली. क्झारेथ म्हणजे पारोळ्याचे मामा. सोय उत्तम झाली. फक्त मामांनी राजाला झोपेत भोसकल्यानंतर आलेल्या लग्नात त्यांच्या शेजारी जेवायला बसणं जड गेलं.

नारळीकरांच्या कथांत हा त्रास नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ज्या वाङ्मयात खुद्द लेखकाचं खोटं नावसुद्धा एकदा ऐकून लक्षात राहतं, ते कानाला मानवणारच.

माझं म्हणणं असं की गोष्ट जितकी अचाट, तितका आवाज सपाट हवा. याचा नमुना ऐकायचा तर कुठल्याही जंक्शनवर थांबा. गाडी साडेचार तास उशिराने येणार, हे ती उद्घोषणेची बाई किती निर्विकार सांगते! पुढच्या वाक्यात खेदही व्यक्त करते, तोही त्याच सुरात. फलाटावरचा एकही माणूस शंका घेत नाही. सूर्य विझतोय ही बातमी मला त्या बाईंकडून ऐकायची आहे.

आणि आमच्या भागाला कानाने विज्ञान घ्यायची सवय आजची नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. ‘लीलावती’तलं गणित श्लोकांत आहे, म्हणजे पाठ करायचं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी असलेल्या आपल्या बिळाकडे साप सत्तावीस हातांवरून येतोय, दोघांचा वेग सारखा, तर मोर त्याला कुठे गाठेल? मठातले गुरुजी यात मोराचा आवाज काढत असतील, असं मला वाटत नाही.

यंदाच्या मेमध्ये मी फ्रँक हर्बर्टची 1965 सालची ‘ड्यून’ लावली. तिच्यातला ग्रह म्हणजे सगळं वाळवंट. घाम आणि श्वासातली ओल पकडून तिचं पिण्याचं पाणी करणारा पोशाख तिथली माणसं घालतात. बाहेर पारा 45च्या घरात, डब्यातला लोखंडी गज हात लावू देईना, घामाने इअरफोन कानातून निसटतोय, आणि वाचणारा उन्हाचं वर्णन थरथरत्या आवाजात करतोय. याला एकदा दुपारी धुळ्याच्या स्टँडवर उभा करावा.

शिरूडला एक आबा चढले. कैऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

“काय आयकी ऱ्हायना रे भो?”

मी एक बोंडूक त्यांच्या कानात दिलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि परत केलं. “हाई ते इंग्रजी शे. तूच सांग.”

मग मीच सांगितलं, अगदी उद्घोषणेच्या सुरात. आबा बरोबर हुंकार देत होते, जी सोय कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही.

“तठे पानी नई, मंग त्या लोके खातस काय?”

म्हटलं, आबा, वाळूत एक मसाला सापडतो. तो फक्त त्याच ग्रहावर मिळतो, त्याच्याशिवाय यानं चालत नाहीत, आणि त्याच्यासाठी मोठमोठी घराणी आणि खुद्द सम्राट एकमेकांच्या जिवावर उठलेत.

आबांनी राजमाने स्टेशन येईपर्यंत विचार केला.

“एवढा मोठा राजा,” ते म्हणाले, “आनि घरमा कोनी मसाला कुटस नई?”