‘नागपूरला इतिहासच नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एकच मेसेज वेगवेगळ्या ग्रुपांवरून फिरतो आहे. ‘नागपूरकरांनो, जागे व्हा! तुमच्यापासून लपवलेली सहा सत्ये.’ मी असले मेसेज वाचून पुसून टाकते. हा पुसला नाही, कारण तो माझ्या ताईने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मग आता हिने मारबतीवर प्रोजेक्ट करूच नये का?’ ही म्हणजे माझी भाची, नववीत आहे. ‘आपल्या भागाची कला आणि इतिहास’ या विषयावर वही करायची होती. तिने मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, निवडली होती, चित्रं काढायलाही घेतली होती. वर्गाच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि विषय बदला म्हणून निरोप आला. पोरगी हिरमुसली. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक, नागपूर इंग्रजांनी वसवलं, 1854 च्या आधी इथे नुसतं जंगल होतं. दोन, गोंडांनी मागे काही ठेवलं नाही, नाचगाण्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. तीन, बांकाबाई भोसलेने 1854 मध्ये पैसे घेऊन राज्य इंग्रजांना लिहून दिलं आणि काळी मारबत, जिला काही जण बांकाबाईच म्हणतात, हा त्याचा पुरावा. चार, भोसले लुटारू. पाच, झाडीपट्टीची नाटकं म्हणजे पुण्या-मुंबईची अश्लील नक्कल. सहा, दीक्षाभूमीवर होतं ते राजकारण, संस्कृती नव्हे. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘गाणी, सोंगं आणि मिरवणुका म्हणजे इतिहास नव्हे.’

लिहिणाऱ्याने स्वतःचं तरी एकदा वाचायला हवं होतं. 1854 च्या आधी नुसतं जंगल होतं, तर त्या वर्षी विकलं गेलं ते राज्य कोणाचं? मिरवणूक म्हणजे इतिहास नव्हे, तर तिसऱ्या मुद्द्याला पुरावा म्हणून मिरवणूकच कशी चालते? इतकं साधं विसंगत बोलणं शिकल्यासवरल्या माणसांनी पुढे ढकललं, याचा मला जास्त राग आहे.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते, कारण सगळ्यात घातक तोच आहे. एका बाईवर राज्य विकल्याचा आरोप आहे आणि तो आता मुलांच्या वहीत जाऊ पाहतो आहे.

बांकाबाई ही नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांची राणी. 1816 मध्ये रघुजी गेले. नंतर आप्पासाहेबांनी सत्ता घेतली, इंग्रजांशी बिघडलं आणि नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब हरले. इंग्रजांनी तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं. ते अल्पवयीन होते, म्हणून वाड्याचा कारभार बांकाबाईकडे आला आणि खरी दोरी इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्स, याच्या हातात राहिली. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले. मुलगा नव्हता. डलहौसीने दत्तक मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं. यात विकणारं कोणी नाही, लिहून देणारं कोणी नाही. खालसा करणं आणि खरेदी करणं यातला फरक नववीच्या पुस्तकातही कळतो.

पण ‘पुस्तकं आपल्याच लोकांनी लिहिली’ असं म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी इंग्रजाचाच दाखला देते. जॉन विल्यम के याने 1857 च्या उठावाचा मोठा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड 1864 मधला, म्हणजे घटनेला जेमतेम दहा वर्षं झालेली. त्यात नागपूर खालसा झाल्यावर वाड्यात काय झालं ते आहे. राजघराण्याचे हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल गेले. वाड्यातलं सामान काढायला माणसं आली तेव्हा म्हाताऱ्या बांकाबाईने धमकी दिली की सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. तरीही सामान निघालं आणि भोसल्यांचे दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. पैसे घेऊन राज्य लिहून देणारी बाई स्वतःच्याच वाड्याला आग लावायला उठते? के काही आपला माणूस नव्हता. बांकाबाईला चांगलं म्हणण्यात त्याचा काही फायदाही नव्हता.

आता अर्धं सत्य. मनाविरुद्ध मान्य करते, पण मान्य करावंच लागतं. 1857 मध्ये बांकाबाई इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. त्या जूनमध्ये नागपुरात घोडदळाने उठायचं ठरवलं होतं. बेत फुटला, पुढारी फासावर गेले. बांकाबाईने आपलं वजन वापरून भोसल्यांच्या माणसांना शांत ठेवलं. ब्रिटिश गॅझेटियरने तिच्या या मदतीची नोंद कौतुकाने घेतली आहे. पुढे घराण्याच्या दत्तक वारसाला, जानोजींना, राजाबहादूर हा किताब आणि देऊरची जहागीर मिळाली. नागपूरच्या लोकांना हे आवडलं नाही. 1858 मध्ये ती वारली. शहराची काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असं सांगतात. म्हणजे फाशी पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती. तो राग काळ्या मारबतीला चिकटला असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

मिरवणुकीत इतिहास राहतो तो असा. लोकांना 1857 मध्ये काय वाटलं, कोणाचा राग आला, कोणत्या बाजूला ते उभे होते, हे मारबत सांगते. 1854 मध्ये कागदावर काय झालं हे ती सांगत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. तिला खरेदीखत मानणं हा मेसेजवाल्याचा अडाणीपणा आहे. त्यात मारबतीचा दोष नाही.

शिवाय मारबतीत फक्त बांकाबाई नाही. पूर्व विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याला दारात पळसाच्या डहाळ्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गावाबाहेर नेऊन टाकतात. ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ हे ओरडणं तिथलं आहे. पावसाळ्यात माशा, डास, हगवण, ताप, सगळं एकदम यायचं. त्या भीतीतून हे आलं. शहरात आल्यावर डहाळीचा मोठा पुतळा झाला. कोणी काळीला पूतना म्हणतं, कोणी बांकाबाई. जागनाथ बुधवारीत तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत मात्र वाईट नाही, ती रक्षण करणारी. आया आपली पोरं तिच्या पायावर घालतात. इतवारीत दोघी समोरासमोर येतात तेव्हा गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. आणि त्यांच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, बघा. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी लोकांचं जे काही दुखलं असेल त्याचा बडग्या. कोणी हे बडगे वर्षानुवर्षं नीट टिपून ठेवले असते, तर या शहराच्या कुरकुरीचा शंभर वर्षांचा दस्तऐवज आज हातात असता. ते टिपलं नाही ही आपली चूक. भाचीने तेच करावं, असं मी ताईला सांगितलं आहे. यंदाच्या बडग्यांवर काय काय लिहिलं होतं ते उतरवून घे, आजीला तिच्या लहानपणीचे आठवतात का विचार आणि केचा दाखला शेजारी लिही.

पहिल्या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने बारा वाड्या-वस्त्या जोडून 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं. त्याच्या मागून चांद सुलतानने इथे राजधानी आणली, शहराला तट बांधला आणि जुम्मा तलाव केला. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो. आणखी मागे जायचं तर शहराजवळ जुनापाणीला महापाषाण काळातली शिळावर्तुळं आहेत. रामटेकला केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटक काळाचा शिलालेख भिंतीवर आहे. रविवारी जाऊन बघता येतो.

दुसरा मुद्दा वाचून वाईट वाटलं. ज्यांनी शहर वसवलं त्यांच्याबद्दल ‘मागे काही ठेवलं नाही’ असं लिहायला हात कसा धजावतो? गोंडांचा इतिहास वह्यांत कमी आणि गळ्यात जास्त आहे. परधान ही त्यांची गाणारी माणसं. यजमानाच्या घरी जाऊन किंगरी या तंतुवाद्यावर त्याच्या कुळाची, देवांची, राजांची गाथा गायची, हे त्यांचं काम. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात कचारगडला जाऊन या. कितीतरी राज्यांतून गोंड माणसं येतात. गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी कसं सोडवलं, ते तिथे गातात. ती कथा 1702 ची सनद नाही. पण आपण कोण, कुठून निघालो, आपली कुळं कशी पडली, हे एका समाजाने इतकी शतकं कागदाशिवाय सांभाळलं आहे. गाणारे परधान कमी होत चालले आहेत आणि त्यांच्यासोबत हेही जाईल. काळजी करायची तर याची करा.

चौथा मुद्दा, भोसले लुटारू. हे मी पूर्ण नाकारणार नाही. 1742 पासून जवळपास दहा वर्षं पहिल्या रघुजींच्या फौजा बंगालवर जात राहिल्या आणि तिथल्या गावांनी फार सोसलं. 1751 मध्ये अलीवर्दीखानाने चौथ कबूल केली, ओरिसा सुटला, तेव्हा ते थांबलं. बंगालमध्ये बाळाला झोपवताना आजही जी अंगाई म्हणतात तिच्यात ‘बर्गी’ येतात, ते आपले स्वार. दफ्तरात मोहिमेचा जमाखर्च सापडेल, भेदरलेल्या बाईचा आवाज त्या अंगाईतच सापडतो. ‘गाणी म्हणजे इतिहास नव्हे’ म्हणणाऱ्याच्या हातात भोसल्यांविरुद्धचा सगळ्यात जिवंत पुरावा गाणंच आहे, हे त्याला माहीत नाही. पण एवढ्यावरून सगळं घराणं आणि शहर लुटारू ठरवायचं, तर अठराव्या शतकातलं कोणतंच राज्य उरणार नाही.

पाचवा, झाडीपट्टी. ज्याने हे लिहिलं त्याने या नाटक कंपन्यांचं गाव वडसा पाहिलेलं नाही. धान कापून झाला की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावांत मंडप पडतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. शेतकरी बैलगाडी, ट्रॅक्टर घेऊन येतात, लेकीबाळी नाटकासाठी माहेरी येतात. भाषा झाडीबोली, पेटी-तबला समोर, आणि कितीतरी विषय तिथलेच, जमिनीचे, दारूचे, हुंड्याचे. काही कंपन्या मध्ये भडक नाच घालतात, ते मलाही पटत नाही. पण नक्कल? याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

सहावा मुद्दा माझ्या मते लाजिरवाणा आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली, त्याच्या कितीतरी आधीपासून नागपूर या चळवळीचं गाव होतं. 1920 मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद इथे भरली. किसन फागुजी बनसोड इथे कविता लिहीत होते, वर्तमानपत्र काढत होते, आणि त्यातल्या एका पत्राला त्यांनी नाव दिलं ‘चोखामेळा’. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत महाडचं पाणी आणि काळारामाचं दार जलशांनी पोचवलं, गाणाऱ्यांनी पोचवलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगांतून फिरा. भीमगीतांच्या पुस्तिका आणि कॅसेटच्या जागी आता पेनड्राइव्ह विकायला असतात. रस्त्याने येणारे जत्थे गात येतात आणि गाण्यांत तारखा, गावं, नावं असतात. नातवाला आजोबा त्याच गाण्यातून सांगतात की आपल्या घरातलं कोण त्या दिवशी तिथे होतं. हे राजकारण असेल तर असू दे, ते संस्कृती नाही असं म्हणायचा अधिकार मेसेज लिहिणाऱ्याला कोणी दिला?

मेसेजच्या तळाशी ‘संदर्भ: जुनी कागदपत्रे’ एवढंच लिहिलं आहे. कोणती कागदपत्रं, कोणत्या दफ्तरातली, कोणत्या तारखेची? बांकाबाईने राज्य लिहून दिल्याचा कागद असेल तर त्याचा फोटो त्याच ग्रुपवर टाका. तोवर ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी केचा दाखलाही तितक्याच ग्रुपांवर पाठवावा, वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यात आधी.