सिंगापूर खूश आहे म्हणे!

सिंगापूरच्या निवडणुकीवरच्या लेखात म्हटलंय, "लोक खूश आहेत म्हणूनच पीएपीला (तिथल्या सत्ताधारी पक्षाला) ९७ पैकी ८७ जागा मिळाल्या", हे काय पटलं नाही भाऊ. मे २०२५ च्या त्या निवडणुकीत पीएपीची मतं ६५.५७ टक्के आणि जागा जवळपास ९० टक्के, एवढा फरक कुठून आला ते तरी सांगा ना. लेखात जीआरसीचा, म्हणजे तिथल्या गट मतदारसंघांचा, साधा उल्लेखपण नाही. तिथे बहुतेक ठिकाणी चार-पाच जणांची टीम उभी राहते, मत द्यायचं ते अख्ख्या टीमला, जिंकली की सगळेच खासदार. १९८८ ला हे आणलं अल्पसंख्याकांना जागा मिळावी म्हणून, ठीक आहे, पण एक वजनदार मंत्री पुढे केला की मागचे नवखे आपोआप आत. मरीन परेड-ब्रॅडेल हाइट्स या जीआरसीत तर पाचही जण बिनविरोध, तिथल्या लोकांनी मतदानच केलं नाही, तेही खूशच धरले का?

आमच्याकडे चोपड्याकडे विकास सोसायटीला पॅनल असतंच, "कपबशीवरच मारा" म्हणून रिक्षा बोंबलत फिरते, पण आत गेल्यावर माणूस पाच शिक्के इकडे नि दोन तिकडे मारून मोकळा. मागे आमच्या गावात पॅनल निवडून आलं अन् पॅनलप्रमुखच पडला 😄 जळगाव मनपाला चारचा प्रभाग होता तरी बटणं चार वेगळी दाबली लोकांनी. सिंगापुरात ती सोयच नाही, एक तर सगळे घ्या नाहीतर सगळे पाडा. २०११ ला अल्जुनीड जीआरसीमध्ये पीएपीचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज येओ टीमसकट तसेच पडले.