राणीछाप रुपयाचं सोनं करा!

आजीच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत बांधलेली राणीछाप रुपयांची पुरचुंडी सापडली की एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते रुपये आहेत तसे ठेवायचे नाहीत. तीन पिढ्यांनी हात लावला नाही म्हणून आपणही लावू नये, हा निव्वळ आळस. पुरचुंडीतलं नाणं पाहुण्यांना दिसणार कसं? त्याचं कीचेन करा, पेपरवेट करा, भिंतीवरचं घड्याळ करा. नाण्याला किमान एक हुक तरी असल्याशिवाय त्याला ‘अँटिक’ म्हणवत नाही.

सुरुवात घासण्यापासून. रुपयावरचा काळपट-निळसर थर म्हणजे मळच, असं धरून चाला आणि चिंच, राख, टूथपेस्ट, हाताला लागेल ते वापरा. हा थर आपसूक चढायला कैक वर्षं लागतात, तो खोटा नाही याचीच ती खूण, असं संग्राहक कळवळून सांगतील. ऐकू नका. व्हिक्टोरियाच्या झग्यावरची वेलबुट्टी सपाट होईपर्यंत घासलंत, की रुपया लग्नात वाटायच्या स्टीलच्या वाटीसारखा लखलखेल.

मग सोनार गाठा. टाकणखार लावून वरच्या काठावर डाखानं, म्हणजे वितळवलेल्या धातूनं, कडी जोडायला सांगा. कडी बरोबर राणीच्या मुकुटावर आली पाहिजे. त्याहून झोकदार काम म्हणजे कोटाची बटणं. बटणाचा आकडा नाण्याच्या मागच्या बाजूला मधोमध बसतो. ‘वन रुपी इंडिया’ आणि साल असतं तीच ही बाजू. डाख थोडा पसरला की साल गेलं. गेलं तर गेलं! 1862 च्या रुपयाचंच बघा. पुढची कित्येक वर्षं रुपयावर 1862 हेच साल कायम राहिलं आणि मुंबईच्या टांकसाळीनं फरक दाखवला तो सालाच्या आसपासच्या बारीक ठिपक्यांनी. आजही मंडळी भिंग लावून ते ठिपके मोजतात, एका ठिपक्यावरून भावासाठी हमरीतुमरीवर येतात. तिथे डाखाचा एक टपोरा थेंब सोडला की वाद कायमचा मिटतो.

1911 चा रुपया हाती लागला तर आणखी मजा. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतक्या आखूड सोंडेचा उमटला, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारनं नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली आणि 1912 पासून सोंड नीट करून घेतली. उरलेल्या रुपयांवर संग्राहक जीव टाकतात तो त्या फसलेल्या हत्तीसाठी. तेव्हा ड्रिल मारायचं ते हत्तीवरच मारा. गळ्यात घातल्यावर राजा उलटा लटकेल, पण त्याचं राज्य आता उरलंय कुठे! शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, भोक पाडताना मात्र ‘श्री राजा शिव’मधल्या एखाद्या अक्षराचा बळी द्यावा लागतो. कुठल्या, ते शिवप्रेमानं ठरवा.

इथे कुणीतरी पुतळ्यांच्या माळेचा दाखला देईल. व्हेनिसची सोन्याची नाणी समुद्रावरून आली आणि आपल्याकडे बायकांच्या गळ्यात पुतळ्या होऊन बसली, हे खरं. तशा जुन्या माळेला मोल आहे, हेही खरं. पण ते दागिन्याचं मोल, घडणीचं मोल. एकेक नाणं सुटं काढून विकायला गेलात तर डाखाचा डाग आधी दिसतो. असो. तुमच्या कीचेनला पुतळ्यांच्या माळेशेजारी बसवायचा मोह अजिबात आवरू नका.

ज्यांच्या आजीनं काहीच मागे ठेवलं नाही, त्यांनी तयार माल घ्यावा. महायुद्धात धातू वाचवायला सरकारनं 1943 पासून मधे भोक असलेला पैसा काढला. भोक सरकारनंच पाडून दिल्यामुळे कीचेनवाल्याचं ड्रिल वाचतं. हा पैसा इतका मुबलक पडला की लोक त्याचा वायसर म्हणून वापर करत. आता तो रेझिनच्या गोळ्यात घालून खाली ‘दुर्मिळ’ लिहिलं की झालं. खरं दुर्मिळ नाणं कुठलाही शहाणा दुकानदार रेझिनमध्ये ओतत नाही, ढिगानं मिळतं तेच ओततो. भेट देताना एवढं सोडून बाकी सगळं सांगा.

मखमली फ्रेममधलं ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं राम-दरबाराचं नाणंही आवर्जून घ्या. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नव्हतं, पण फ्रेमच्या मागे सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र चिकटवलेलं असतं. प्रमाणपत्र नाण्याहून जुनं दिसलं तर भाव करू नका.

अमेरिकेतल्या भाच्याला बॅगेतून नेण्यासाठी 1862 च्या रुपयाचं पेपरवेट उत्तम. शंभर वर्षांपुढचं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, हा तपशील विमानतळावर भाच्याला आपोआप कळेल.

आता विक्री. ‘तुमच्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला की ताबडतोब भरा. असल्या व्यवहारांत आपण नाही, आपल्या नावानं कुणी फी मागितली तर देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलं होतं. पण रिझर्व्ह बँकेनं तुम्हाला कधी पाच लाख देऊ केलेत का?

पाच लाख आलेच नाहीत, तर शेवटी सराफ आहेच. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात जवळपास बारात अकरा भाग चांदी. सराफ कडी कापेल, डाखाची घट धरेल आणि उरलेलं मोडीच्या भावात काट्यावर टाकेल. तिथे ठिपके, हत्ती, सोंड काहीही बोलू नका, मागची गिऱ्हाइकं खोळंबतात. आणि रुपया रेझिनमध्ये असेल तर हातोडी घरूनच न्या; सराफ त्याची वेगळी मजुरी लावतो.