‘रेरेरे बंद ठेवा’ या इशाऱ्याला उत्तर

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या प्रोग्रामर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत गिट या, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील ‘रेरेरे’ या सुविधेविषयीचा एक इशारा वरचेवर पुढे पाठवला जातो. दोन ब्रँच, म्हणजे कोडच्या समांतर शाखा, मर्ज (एकत्र) करताना आलेला कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी झालेल्या दोन बदलांची टक्कर, एकदा हाताने सोडवला की ते उत्तर नोंदवून ठेवायचे आणि तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला की आपोआप लावायचे, एवढेच तिचे काम. इशाऱ्यात तिच्यावर चार आरोप आहेत: ती न विचारता जुने उत्तर कमिट करते (कायमचे नोंदवते), केवळ फाइलचे नाव पाहून ते चिकटवते, एकाची चूक साऱ्या टीमच्या माथी मारते, आणि चुकीचे उत्तर एकदा नोंदले गेले की ते काढता येत नाही. म्हणून ती बंद ठेवावी, असा सल्ला आहे. मुळात ती बंदच असते आणि सेटिंगमध्ये आपण स्वतः चालू करावी लागते, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

पहिला आरोप साफ चुकीचा आहे. जुने उत्तर लागले तरी मर्ज थांबतेच. गिट तसा संदेश दाखवते, आणि आपण ‘गिट ॲड’ ही आज्ञा देऊन फाइल तयार असल्याचे सांगेपर्यंत ती इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या कमिटची तयारी होते त्या यादीत, न सुटलेलीच राहते. ‘ऑटोअपडेट’ ही वेगळी सेटिंग चालू केल्यास फाइल आपोआप स्टेज होते, म्हणजे ‘ॲड’ केल्यासारखी कमिटसाठी तयार होते, पण कमिट तेव्हाही आपल्यालाच करावे लागते. मात्र स्टेज झालेल्या फाइलीतला बदल फरक दाखवणाऱ्या साध्या ‘गिट डिफ’मध्ये दिसत नाही, त्यामुळे ही दुसरी सेटिंग बंद ठेवावी असे माझेही मत आहे. कॉन्फ्लिक्टच्या खुणा (दोन्ही बाजू वेगळ्या दाखवायला गिट फाइलीत घालते त्या ओळी) दिसत नाहीत म्हणून फाइल न उघडताच सरसकट ‘ॲड’ करण्याची सवय हा खरा धोका आहे आणि तो दोष त्या सवयीचा आहे.

दुसऱ्या आरोपाला सविस्तर उत्तर द्यावे लागेल. ओळख पटवताना रेरेरे फाइलचे नाव विचारातच घेत नाही. कॉन्फ्लिक्टच्या खुणांमधला दोन्ही बाजूंचा मजकूर ते घेते, ब्रँचची नावे गाळते, दोन्ही बाजू ठरावीक क्रमाने लावते आणि त्यावरून हॅश, म्हणजे त्या मजकुराची ओळख सांगणारा कोड, काढते. त्यामुळे कोणती ब्रँच कोणत्या ब्रँचमध्ये मर्ज केली याने ओळख बदलत नाही. सोडवण्याआधीची आणि सोडवल्यानंतरची अशा दोन प्रती त्या हॅशच्या नावाने जपल्या जातात, आणि पुढच्या वेळी या दोन्ही प्रती व आताची फाइल यांचे त्रिमार्गी मर्ज केले जाते. ते निर्वेध झाले तरच उत्तर लागते.

समजा, रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या पावतीच्या प्रोग्राममध्ये एका ब्रँचवर हमालीचा दर बदलला, दुसरीवर त्याच ओळीत रक्कम पूर्ण रुपयांत करण्याचे गणित आले, आणि दोन्ही राखून आपण ती ओळ लिहिली. पुढे त्याच फाइलीत दुसरीकडे तोलाईचा भाग बदलला तरी जुने उत्तर लागेल आणि तोलाईचा बदलही शाबूत राहील. पण हमालीचा दर पुन्हा बदलला, तर मजकूर वेगळा म्हणून हॅशही वेगळा, आणि कॉन्फ्लिक्ट आपल्यासमोर उघडा येईल. एका फाइलीतल्या सर्व कॉन्फ्लिक्टची मिळून एकच ओळख धरली जात असल्याने, एखादा नवा कॉन्फ्लिक्ट त्यात मिसळला तर जुन्याचेही उत्तर लागत नाही. सोय म्हणून हे त्रासदायकच आहे, पण आंधळेपणाच्या नेमके उलट आहे. आरोपात तथ्य एवढेच की शेतकऱ्याची पावती आणि व्यापाऱ्याची पावती या एकमेकींवरून कॉपी केलेल्या फाइली असतील आणि दोन्हींत शब्दशः तोच कॉन्फ्लिक्ट आला, तर एकीचे उत्तर दुसरीलाही लागू शकते, आणि तिथे ते कदाचित चुकीचे असेल.

तिसऱ्या आरोपात काहीच दम नाही, कारण ही नोंद ज्याच्या त्याच्या संगणकावर ‘डॉट-गिट’मधील ‘आरआर-कॅशे’ या फोल्डरात राहते आणि पुश (आपले काम सर्व्हरवर पाठवणे) किंवा क्लोन (पूर्ण प्रत उतरवून घेणे) करताना जात नाही. टीमपर्यंत पोहोचते ते मर्जचे कमिट, आणि ते हाताने सोडवलेले असले तरी पोहोचलेच असते.

चौथ्या आरोपातली भीती मात्र समजण्यासारखी आहे, कारण चुकीचे उत्तर नोंदले गेले तर ते खरोखरच पुन्हा पुन्हा लागते. पण ते काढण्यासाठी कॉन्फ्लिक्ट चालू असतानाच फाइलच्या नावासह ‘गिट रेरेरे फर्गेट’ ही आज्ञा द्यायची, नंतर ‘गिट चेकआउट’ला ‘एम’ पर्याय जोडून खुणा परत आणायच्या आणि नव्याने सोडवायचे. कमिट केले की नवे उत्तर नोंदले जाते. काहीच केले नाही तरी नोंदी कायमच्या नसतात: सोडवलेले कॉन्फ्लिक्ट 60 दिवसांनंतर आणि न सोडवलेले 15 दिवसांनंतर साफसफाईत काढले जातात, आणि या मुदती सेटिंगमधून बदलता येतात.