‘पैठणी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

सॅव्हेज ९९ या जुन्या अमेरिकन शिकारी रायफलवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक जुना वाचक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रायफलच्या रिसीव्हरवर (काडतूस जिथे चढतं त्या पोलादी पेटीवर) मी स्कोपसाठी, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीसाठी, चार छिद्रं पाडून घेतली, ती आता जन्मात बुजणार नाहीत. डोळे साथ देत नसतील तर मागे टँगवर (रिसीव्हरच्या दस्त्यात शिरणाऱ्या शेपटीवर) पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची पट्टी, लावूनही भागलं असतं. स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, कापून त्याला लाल रबरी पॅड चिकटवलं, ते डोळ्यांना बघवत नाही. संग्राहकांच्या लेखी रायफलची किंमत निम्म्यावर आली. आणि जिथे रोज कुठे ना कुठे गोळीबार होतो त्या देशात राहून बंदुकांची कौतुकं मराठीत कशाला? इथवर ठीक होतं. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देतो: “डॉलर हातात आले म्हणून आजीची पैठणी फाडून पडदे शिवायचे नसतात.”

वा! टाळ्या मिळवणारं वाक्य आहे, आणि मिळाल्याही. खाली अकरा जणांनी अंगठे दाखवलेत.

टीकेला माझी ना नाही. इतकी वर्षं लिहितोय, प्रतिक्रिया उडवण्याची सवय मला नाही, आपलीही उडवलेली नाही. पण टीका करणं वेगळं आणि समोरच्याच्या खिशात हात घालून बोलणं वेगळं. ‘छिद्रं पाडायला नको होती’ एवढं म्हणाला असतात तर मी चार ओळींत उत्तर दिलं असतं आणि विषय मिटला असता. त्यात डॉलर कुठून आले?

आलेच आहेत तर ऐका. मी अमेरिकेत आलो तो व्हिसावर. इथल्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना काढला की सूट मिळते, आणि माझ्या ओळखीच्या काहींनी ती घेतलीही. मी नाही घेतली. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत बंदुकीच्या दुकानाची पायरी चढलो नाही, काउंटरवरची रायफल ‘जरा बघू’ म्हणून उचललीसुद्धा नाही. हरणाच्या हंगामात पेनसिल्व्हेनियातले माझे सहकारी रजा टाकून जंगलात जायचे, आणि मी ऑफिसात त्यांची कामं उरकत बसायचो. इतकी वर्षं जो थांबला त्याला ‘पैसा आला म्हणून’ असं म्हणायचं? रायफल घेतली तीही काही काचेच्या कपाटातली नव्हे. दस्ता टँगच्या मागे तडकलेला (९९ चं हे जुनं दुखणं, जाणकारांना ठाऊक आहे), खालच्या टोकाचा टवका गेलेला, लिव्हरवरचा (काडतूस चढवायच्या खालच्या दांडीवरचा) निळा थर हाताच्या घामाने उडून पोलाद उघडं पडलेलं. संग्राहकाने ती बाजूला सारली असती. सारलीच होती, म्हणून मला परवडली.

आता पैठणी. पैठणी पेटीत असते, लग्नामुंजीला बाहेर निघते, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन परत पेटीत जाते. सॅव्हेज ९९ पेटीत ठेवायला कुणी बनवलीच नव्हती. आर्थर सॅव्हेज हा जमैकात जन्मलेला माणूस. त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकामध्ये कारखाना काढला आणि १८९९ मध्ये ही रचना बाजारात आणली, ती पावसात, बर्फात, खांद्याला लटकवून हिंडायला. विंचेस्टर आणि मार्लिन या कंपन्यांच्या लिव्हरवाल्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाला मागच्या गोळीचं टोक टेकतं, म्हणून तिथे चपट्या नाकाच्या गोळ्या वापराव्या लागायच्या. टोकदार गोळी असेल आणि जोराचा धक्का बसला तर आतल्या आत बार उडायचा. सॅव्हेजने ते नळकांडंच काढून टाकलं. पोटात फिरकीसारखं मॅगझिन बसवलं, त्यात पाच काडतुसं गोल फिरत बसतात आणि टोकदार गोळी बिनधास्त चालते. घोडाही बाहेर दिसत नाही, झुडपात अडकायला काही उरत नाही. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला एक इवलीशी खिडकी असते. लिव्हर खाली ओढून काडतूस अंगठ्याने आत दाबलं की खिडकीतला पितळी आकडा एका घराने सरकतो. अंधारात, हातमोजे काढून, त्या आकड्यावरून बोट फिरवायला मला अजूनही आवडतं.

विषय सुटला. मुद्दा असा की ज्या वस्तू वापरायला केल्या त्या वापरणारा बदलतो, आणि हे काही आज सुरू झालेलं नाही. जुन्या विंचेस्टरच्या काळात गिऱ्हाईक कंपनीलाच सांगायचं: नळी इतक्या लांबीची हवी, मॅगझिन अर्धंच हवं, दस्ता असा हवा. थिओडोर रूझवेल्टने आपली १८७६ मॉडेलची विंचेस्टर नक्षीकामासकट खास करवून घेतली होती. त्याने पैठणी फाडली का? सॅव्हेजनेही १९५० च्या सुमारास स्कोपसाठीची छिद्रं कारखान्यातूनच पाडून द्यायला सुरुवात केली. तीच छिद्रं, त्याच जागी. कंपनीने पाडली की सोय, मी पाडली की पाप, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि पाडली म्हणजे काय मी अंगणात ड्रिल घेऊन बसलो नव्हतो. आमच्या गावापासून तासाभरावर एक म्हातारा गनस्मिथ आहे. रिसीव्हर चामड्याच्या पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये आवळला, पाण्याची पातळी बघावी तशी दोन्ही अंगांनी पातळी बघितली, मग मध्यरेषा आखून पंचने चार ठिपके. छिद्र झाल्यावर ६-४८ मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने: पाव फेरा पुढे, तेवढाच मागे, तेलाचा थेंब, परत पाव फेरा. एकही छिद्र हललं नाही. वर बसवला तो एल पासोच्या वीव्हर कंपनीचा जुना के २.५ स्कोप, पोलादी नळीचा. आजचा प्लॅस्टिकसारखा दिसणारा दुर्बिणीचा डोलारा नव्हे. इतकी काळजी आपण आपल्या प्रतिक्रियेतल्या शब्दांची घेतली असती तर बरं झालं असतं.

माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो, कारण आजीचा उल्लेख तुम्ही काढलाय. राजापूर तालुक्यात आमची थोडी शेती. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती, नळीवर बर्मिंगहॅमचं नाव. रानडुकरं भातात शिरली की रात्री मळ्यावर जाऊन बार काढायचे, निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर पावती घेऊन परत आणायचे. एका पावसाळ्यात पऱ्यातून येताना घसरले आणि दस्ता दुभंगला. गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाचा नवा करून दिला, पिवळा जर्द. लोहाराने माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) डाख लावून बसवली, ती किंचित डावीकडे होती, आजोबा तेवढं डावीकडे धरून मारायचे. बर्मिंगहॅमचा वारसा बुडाला म्हणून त्यांना कुणी पत्र लिहिलं नाही. मी त्या घरातला आहे. बंदूक म्हणजे काय हे मला इंटरनेटवरच्या लिलावांचे भाव बघून कळलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पीप साइटचं म्हणाल तर तो ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. माझे डोळे माझे आहेत.

किंमत निम्म्यावर आली, हेही असेल. विकायची कुणाला आहे?

लाल पॅड वाईट दिसतं, हे मात्र मान्य. शंभर टक्के मान्य. तपकिरी मिळत होतं, दुकानदाराकडे त्या दिवशी नव्हतं आणि मला हंगामाआधी काम उरकायचं होतं. योग्य टीका असेल तर मी मान्य करतो, हे यावरून दिसावं.

गोळीबाराच्या मुद्द्यावर मी इथे बोलणार नाही, तो मोठा विषय आहे आणि त्याचा या चार छिद्रांशी काही संबंध नाही. एवढंच सांगतो की आमच्या राज्यात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालतच नाही, प्रत्येक काडतूस हातानेच चढवावं लागतं. आणि १९३७ च्या कायद्याने नव्या रायफलवर, काडतुसांवर जो ११ टक्के कर बसतो तो वन्यजीवांच्या कामाला जातो. काडतुसांवर तो मीही भरतो. ‘मराठीत कशाला’ या प्रश्नाला उत्तर देण्याइतका मी रिकामा नाही. मराठीत लिहितो कारण मला मराठी येते.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे मलाही तुमच्या आजीच्या पेटीविषयी दोन शब्द बोलता येतील. तोवर आधीच सांगून ठेवतो: पुढचा लेख मार्लिन ३३६ वर आहे. तिच्यावरची छिद्रं कंपनीनेच पाडलेली आहेत, पण लिव्हरला मी चामड्याची वादी गुंडाळली आहे आणि पुढची माशी बदलली आहे. मूळ माशी एका पाकिटात जपून ठेवली आहे, तेव्हा त्यावरून सुरू होऊ नका.