लाँगजिंग उकळू नका, आणि लोहाच्या गोळीसोबत तर नकोच

माझ्या मावशीचं हिमोग्लोबिन बरेच दिवस नऊच्या आसपास रेंगाळतंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यात. परवा फोनवर म्हणाली, "अगं, आता गोळी त्या चिनी हिरव्या चहाबरोबर घेते. औषध पेशीपेशीत पोचतं म्हणे त्यानं." कुणी सांगितलं? तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता. तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतोय, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मजकूर थोडक्यात असा. लाँगजिंग नावाचा चहा चीनचे राजवैद्य पाच हजार वर्षांपासून याच पद्धतीनं देत आलेत. चमचाभर पानं दहा मिनिटं खळखळ उकळायची, दालचिनी आणि लिंबू घालायचं, रोज अनशापोटी चालू गोळ्यांसोबत प्यायचं. महिन्यात आठ किलो वजन उतरतं. कर्करोग जवळ फिरकत नाही. कॅफिन अजिबात नसल्यानं रात्रीही चालतो. आणि हा चहा पिऊनच चिएनलाँग सम्राट 87 वर्षं जगला. शेवटी 'अस्सल' चहाची लिंक, अर्धा किलो 299 रुपये.

गोळ्यांपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैसे जातील, या एका वाक्यानं मात्र माणसाचा उपचार वाया जाऊ शकतो. चहात, मग तो हिरवा असो की आपला रोजचा, पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. ती आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि लोह रक्तात शिरण्याऐवजी बरंचसं तसंच बाहेर पडतं. मांसाहारातल्या लोहाच्या एका प्रकारावर याचा परिणाम कमी होतो. पण डाळी, पालेभाज्या, नाचणी यांतलं लोह आणि गोळीतलं लोह दुसऱ्या प्रकारचं असतं, आणि नेमकं तेच अडतं. म्हणजे शाकाहारी, रक्त कमी असलेल्या बाईला चहासोबत गोळी घ्यायला सांगणं म्हणजे एका हातानं दिलेलं औषध दुसऱ्या हातानं काढून घेणं. हे काही नवं गुपित नाही. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, हे कुठलाही औषधवाला सांगेल. आपल्याकडे घरोघरी रक्त कमी असलेल्या बायका आहेत, गरोदर मुली आहेत. त्यांच्या ग्रुपवर हे वाक्य पाठवताना एकाचाही हात थांबला नाही, याचा मला खरंच संताप आला.

लिंबाचं म्हणाल तर त्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. मग लिंबू साध्या पाण्यात पिळून प्या ना! त्यासाठी चहा कशाला मध्ये आणायचा? चहा हवाच असेल तर गोळीपासून आणि जेवणापासून निदान तास-दोन तास लांब ठेवा. इतर कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि अनशापोटी कडक हिरवा चहा घेतला की कित्येकांना मळमळतं, पोटात जळजळ होते. त्यात औषधी काही नाही.

आता दहा मिनिटं उकळण्याविषयी. इथे माझा राग वेगळा आहे, कारण ही एका फार सुंदर चहाची नासाडी आहे.

लाँगजिंग हा झेजियांग प्रांतातल्या हांगझोऊ शहराजवळचा चहा. पश्चिम सरोवराभोवतीच्या टेकड्यांवर, शिफंगचा डोंगर, मेइजियावू गाव अशा ठिकाणी त्याचे मळे आहेत. वसंतात छिंगमिंगच्या सणाआधी, म्हणजे एप्रिलच्या चार-पाच तारखेच्या आत खुडलेला चहा सर्वात मोलाचा. एक कळी आणि एखाददोन कोवळी पानं, इतकंच खुडायचं. ती काही तास पसरून सुकवायची आणि मग तापलेल्या कढईत उघड्या हातानं भाजायची. उष्णतेनं पानातली विकरं (एन्झाइम) मरतात, म्हणून पान काळं न पडता हिरवं राहतं. पहिली भाजणी, मग विश्रांती, मग दुसरी भाजणी. दाबणं, झटकणं, ढकलणं, घासणं अशा हाताच्या दहा ठरलेल्या हालचाली आहेत आणि त्या अंगवळणी पडायला वर्षं जातात. त्यातूनच ते चपटं, गुळगुळीत पान तयार होतं, भाजलेल्या चेस्टनटसारख्या वासाचं. युनेस्कोनं 2022 मध्ये चीनची पारंपरिक चहा-निर्मिती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्यात ही कलाही येते.

म्हणजे हे पान आपल्याकडे येतं तेव्हा त्याच्यावर विस्तवाचं काम होऊन गेलेलं असतं. आपल्याला फक्त त्यातली चव पाण्यात उतरवायची आहे. पानातला गोडसर, भरीव स्वाद थिअ‍ॅनिन नावाच्या अमिनो आम्लातून येतो, आणि ते कमी गरम पाण्यातही सहज उतरतं. कडवटपणा आणि तुरटपणा कॅटेचिन (वर सांगितलेल्या पॉलिफेनॉलचाच एक प्रकार) आणि कॅफिनचा. पाणी जितकं कढत आणि वेळ जितका जास्त, तितके हे दोन्ही जोरात उतरतात. दहा मिनिटं उकळलं की कडू, पिवळट काढा हातात येतो. मग तो घशाखाली जावा म्हणून दालचिनी आणि लिंबू! आपला चहा उकळतो तो ठीकच आहे. त्या दाणेदार पावडरीचा कडकपणा झेलायला दूध आणि साखर असते. लाँगजिंगच्या पाठीशी तसं कोणी नाही.

करायचा असेल तर असा करा. काचेचा साधा उभा पेला घ्या, गरम पाण्यानं विसळून घ्या. साधारण 200 मिलीला 3 ग्रॅम पानं. वजनकाटा नसेल तर पेल्याचा तळ पानांनी विरळ झाकला गेला की पुरे. पाणी 80 अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नको, उकळी आली की गॅस बंद करा, झाकण काढून चार-पाच मिनिटं थांबा. आधी पाव पेला पाणी घालून पेला हळूच फिरवा, पानं भिजू द्या. या वेळी येणारा वास चुकवू नका. मग उरलेलं पाणी जरा उंचावरून ओता. दोन मिनिटांत पानं उलगडून पाण्यात उभी राहतात आणि सावकाश खाली बसू लागतात. गाळायचं नाही, तसाच प्यायचा. पेला तिसऱ्या हिश्श्यावर आला की पुन्हा गरम पाणी. तीन वेळा तरी चव पुरते. हांगझोऊमध्ये लोक असाच पितात. पहिलं पाणी फेकून द्यायची गरज नाही, उलट सर्वात नाजूक चव त्यातच असते. साखर, मध काही नको.

महिन्यात आठ किलोंचं उत्तर एका संदर्भात आटोपतं. कॉक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी संस्था. तिनं 2012 मध्ये हिरव्या चहाच्या अर्कांवरचे 18 अभ्यास, 1945 माणसं, असं सगळं एकत्र तपासलं. प्रत्येक अभ्यास निदान 12 आठवड्यांचा. जपानबाहेरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर चहाचा अर्क घेणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा घटलं 0.04 किलोनं. म्हणजे 40 ग्रॅम! जपानमधल्या अभ्यासांत आकडे थोडे बरे होते, 200 ग्रॅमपासून साडेतीन किलोंपर्यंत, पण तिथेही निष्कर्ष काढण्याजोगी एकवाक्यता नव्हती. आणि हे सगळं तीन महिन्यांत, तेही बहुतेक ठिकाणी कॅटेचिन वाढवलेल्या अर्कावर, पेल्यातल्या चहावर नव्हे. हो, दिवसाचे चार कप दोन-दोन चमचे साखरेचे चहा सोडून कुणी बिनसाखरेचा हिरवा चहा धरला तर वजन थोडं उतरेल. पण ते साखर सुटल्यामुळे.

त्याच लिंकवर 'फॅट बर्नर' म्हणून हिरव्या चहाच्या कॅप्सूलही आहेत. त्या तर घेऊच नका. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की दिवसाला 800 मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे चहातलं मुख्य कॅटेचिन, गोळ्यांतून पोटात गेलं तर यकृताला इजा होत असल्याची लक्षणं रक्तात दिसू लागतात. साधा पाण्यात केलेला चहा त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षितच ठरवलाय.

कर्करोगाचं म्हणाल तर कॉक्रेननंच 2020 मध्ये 142 अभ्यास, अकरा लाखांवर माणसं तपासली. काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी नाही, भरवशाचं काहीच हाती लागलं नाही. आजारी माणसाला या आशेवर ठेवणं क्रूर आहे.

उरलेलं भराभर. कॅफिन आहेच, कारण हिरवा काय आणि काळा काय, झाड एकच. कोवळ्या कळीत तर ते जुन्या पानापेक्षा जास्त असतं, आणि लाँगजिंग कळ्यांचा आणि कोवळ्या पानांचाच. झोपेची तक्रार असेल तर दुपारनंतर नको. पाच हजार वर्षं? आठव्या शतकात चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा लू यू वर्णन करतो ते चहाच्या वड्या भाजून, कुटून, पाण्यात उकळण्याचं. लाँगजिंगसारख्या सुट्या पानांचा जोर वाढला तो 1391 मध्ये मिंग सम्राट हाँगवू यानं नजराण्यात वड्यांऐवजी सुटी पानं मागवल्यावर. राहिला चिएनलाँग. तो 1711 ते 1799 जगला, लाँगजिंग गावाला गेल्याच्या त्याच्या कथा प्रसिद्ध आहेत, तिथली चहाची अठरा झुडपं त्याच्या नावानं दाखवतात. पण त्याचाच मुलगा जियाचिंग, तोही सम्राट, त्याच राजवाड्यात वाढलेला, चहाची वाण त्यालाही नव्हती, 59 व्या वर्षी गेला.

आणि 299 रुपयांत अर्धा किलो? वर सांगितलं तसं कळी-कळी खुडून, कढईवर हातानं भाजलेला चहा या भावात शक्यच नाही. चीनमध्ये लाँगजिंग हे नाव 2001 पासून भौगोलिक मानांकनानं सुरक्षित आहे, तरी नकली माल तिथेही विकला जातो. आपल्याकडे घ्यायचाच असेल तर आधी 25-50 ग्रॅमच घ्या. पाकिटावर खुडणीचं वर्ष आणि हंगाम लिहिलाय का बघा. पानं चपटी, न चुरडलेली, पिवळसर हिरवी हवीत. गडद हिरवा चुरा दिसला तर परत करा.