सांगली ‘दुप्पट हिरवी’ झाली नाही, रानात ऊस उभा आहे

‘नासाने सिद्ध केलं! सांगलीची हिरवळ दुप्पट झाली. रस्त्यासाठी झाडं तोडली म्हणून ओरडणारे खोटारडे आहेत.’ असा मजकूर आणि खाली उपग्रहाची दोन चित्रं. काल मामांनीही हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, ‘आता बोला.’ बोलतो.

आधी चित्रं. डाव्या चित्रावर मे २०१९, उजव्यावर ऑक्टोबर २०२४. तारखा बघूनच हे बाजूला टाकायला हवं होतं. मे महिन्यात बांधावरचं गवत वाळलेलं असतं, ऊस तुटलेल्या रानात खोडवा जेमतेम फुटलेला असतो. ऑक्टोबरात पाऊस नुकता सरलेला, गाळप अजून सुरू व्हायचं, आणि ऊस डोक्याच्या वर गेलेला. महापालिकेच्या हद्दीत शेती आहे. सांगलीवाडीकडे जाऊन बघा.

उपग्रहाला झाड कळत नाही. पानांवरून परतणारा लाल आणि अवरक्त प्रकाश तो मोजतो. अवरक्तातून (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातून) लाल वजा करून दोघांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा आकडा मिळतो. भरातल्या उसाचा हा आकडा ०.७ च्या वर सहज जातो, डेरेदार चिंचेचाही तेवढाच येतो. नदीवर जलपर्णी पसरली तर तीही हिरवीच. ०.२ च्या वरचं सगळं हिरवं रंगवलं, तर मोकळ्या प्लॉटवरचं पावसाळी गवतसुद्धा झाडीत जमा होतं. या चित्रांवर तर कुठला रंग म्हणजे किती, ही पट्टीच नाही.

झाडं वेगळी काढायची तर सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहांची सलग दोन वर्षांची चित्रं घ्यावी लागतात. ढग गाळायचे, ढगांच्या सावल्याही गाळायच्या, आणि प्रत्येक जागेच्या एनडीव्हीआयचा आलेख काढायचा. ऊस तुटला की आकडा एकदम कोसळतो आणि वर यायला महिने लागतात. पिंपळाचाही पानगळीत उतरतो, पण काही आठवड्यांत पालवी फुटून सावरतो. मग दोन वर्षांची तुलना करायची ती एकाच पंधरवड्याची, शक्यतो एप्रिलमधली. शेवटी शंभरेक ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पडताळायचं. एक खोच झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी: जानेवारी २०२२ पासून सेंटिनल-२ च्या प्रकाशाच्या कच्च्या आकड्यांत (एनडीव्हीआय काढण्याआधीच्या) १००० ची भर असते. ती वजा न करता जुन्या पद्धतीच्या चित्राशी तुलना केली, तर हिरवळ घटल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

आता नासा. भारत हिरवा होतोय हे नासाच्या उपग्रहांवर आधारलेल्या अभ्यासात आहे, ते मान्य करावंच लागेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त छापून आला. पण त्यातच पुढे लिहिलंय की भारतातल्या या वाढीपैकी ८२ टक्के वाटा शेतीचा आहे आणि जंगलाचा फक्त ४.४ टक्के. शिवाय त्या अभ्यासातल्या चित्राचा सर्वांत लहान चौकोन साधारण ५०० मीटरचा, म्हणजे २५ हेक्टरांचा. त्यात मिरज रस्त्याकडेचं झाड दिसणार कुठून? ज्याची साक्ष काढली, तोच ‘ही शेती आहे’ म्हणतोय.

आणखी एक दावा ऐकू येतो: ‘उपग्रह एकेक झाड मोजतो, झाडांच्या गणनेवर खर्च कशाला?’ सेंटिनलचा चौकोन १० मीटरचा, जवळपास एक गुंठा. रस्त्याकडेच्या झाडाचा त्यात निम्मा डेरा, निम्मं डांबर. महाराष्ट्राच्या शहरी भागांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात दर पाच वर्षांनी गणना सांगितली आहे, ती जमिनीवरच करावी लागते.

आणि हेही म्हणतात: ‘एक तोडलं तर पाच लावतो.’ १२ मीटर डेऱ्याचं झाड सुमारे ११३ चौरस मीटर सावली धरतं. मीटरभर पसाऱ्याची पाच रोपं मिळून चार चौरस मीटरही होत नाहीत. याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार भरपाईची रोपं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावायची असतात. साठ वर्षांच्या चिंचेला साठ.